मुलांनी मराठी पुस्तक आपणहून उघडावं म्हणून तुम्ही काय करता?

मृण्मयी_बं

लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. आम्ही बंगळूरला राहतो. घरात तिघंही मराठीच बोलतो, आजी-आजोबांशी रोज फोनवर गप्पा होतात, त्यामुळे तिचं बोलणं स्वच्छ आहे. रुसते, भांडते तीही मराठीतच. शाळा इंग्रजी, तिथे हिंदी आणि कन्नडही आहे. इंग्रजी पुस्तकांचा ती फडशा पाडते. जेवताना, गाडीत, पांघरुणात टॉर्च घेऊन वाचन चालू असतं. मराठी पुस्तक हातात दिलं की मात्र "आई, तू वाच ना" म्हणून माझ्या मांडीवर ठेवून देते.

हिंदीमुळे देवनागरी येते, तरी मराठी वाचताना अडखळते. परवा 'चाक' शब्दावर अडली. हिंदीतला च लावून वाचला आणि "म्हणजे काय?" विचारलं. सायकलचं चाक गं, म्हटलं. तर म्हणे, "मग तसं लिहायचं ना!" पुढच्याच ओळीत 'त्याने आईला सांगितले' असं होतं. "असं कोण बोलतं?" आणि पुस्तक बंद.

तिने मराठीचा पेपर सोडवावा अशी माझी अपेक्षा नाही. तिला मजा यावी, एवढंच मनापासून वाटतं. ज्यांच्या मुलांना हा नाद लागला त्यांनी काय केलं ते सांगाल का? काय चाललं नाही तेही सांगा.

शंतनू_सदाशिव

फास्टर फेणे द्या, विषय संपला. फुरसुंगीचा बनेश एकदा भेटला की मूल परत येतच नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नसुद्धा मराठीत आणला, तोही द्या. मग गोट्या, चिंगी. माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या यातच गेल्या.

रेवा२२

+१. आणि चांदोबा! विक्रम-वेताळाची ती चित्रं अजून डोळ्यांपुढे आहेत.

सायली_प

शंतनू, फेणे मलाही जीव की प्राण आहे. पण मृण्मयीचा प्रश्न 'चाक' वाचताना अडणाऱ्या मुलीचा आहे. बारीक टायपातली दीडशे पानं, चित्र कुठेतरी एखादं, गोष्टीतलं पुणं तिने कधी न पाहिलेलं. हे तिच्या हातात ठेवलं तर ती पहिल्या पानावर थकेल आणि मराठी पुस्तकं कंटाळवाणी असतात हे तिच्या मनात पक्कं होईल. मराठी आईबापांचं हे नेहमी होतं. आपण मुलांच्या हातात आपलं बालपण देतो. मूल दुसऱ्या काळातलं, दुसऱ्या गावातलं असतं.

तिचं इंग्रजी वाचन नवव्या मजल्यावर आहे आणि मराठी अजून पायरीवर. म्हणून मराठीत वयापेक्षा लहान दिसणारी पुस्तकं चालतील, फक्त ती बाळबोध नकोत. आमच्याकडे माधुरी पुरंदरेंच्या 'राधाचं घर' आणि 'यश'च्या गोष्टींपासून सुरुवात झाली. शीर्षकातच बघा, 'राधाचं' आहे, 'राधाचे' नाही. आपण जसं बोलतो तसं लिहिलंय. "असं कोण बोलतं?" हा प्रश्न तिथे येतच नाही.

शंतनू_सदाशिव

सायली, पटलं थोडंसं. पण फेणे वाचून दाखवायला काय हरकत आहे? माझ्या भाच्याला मी रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवायचो आणि बनेश संकटात सापडला की दिवा बंद करायचो. तो सकाळी लवकर उठून पुढचं पान स्वतः वाचायला लागला. मला न सांगता.

सायली_प

ही युक्ती मान्य! आईने वाचून दाखवू नये अशी सक्ती कुठेच नाही. "आई, तू वाच ना" ही तक्रार नाहीच, मागणी आहे. मुलं ऐकून समजतात ते वाचून समजतात त्याच्या कितीतरी पुढे असतं.

विश्वास_का

थोडा वेगळा सूर लावतो. मुलगी वाचते आहे, आवडीने वाचते आहे. इंग्रजीत वाचते तर बिघडलं काय? बोलणं मराठीत आहेच. दहा-बारा वर्षांनी तिला हवं असेल तर वाचेल. आपण मागे लागलो की आहे ती गोडीही जाते. माझ्या शेजारी एका मुलाला मराठी पुस्तक वाचल्यावर दहा रुपये मिळतात. तो सर्वांत पातळ पुस्तकं शोधून काढतो आणि हिशोब लिहितो. उत्तम व्यापारी होईल, वाचक नाही.

कल्याणी_के

विश्वास, दहा रुपयांच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. बक्षीस लावलं की पुस्तक काम होतं.

पण 'नंतर वाचेल' हे मला पटत नाही. घरातली मराठी म्हणजे जेव, आंघोळ कर, दप्तर भर, आजीला फोन कर. यात समुद्र येत नाही, जंगल येत नाही, राजाचा दरबार, दुपारची भुतं, मैत्रिणीवरचा खोल राग येत नाही. हे सगळं ती आज इंग्रजीत अनुभवते आहे, म्हणून त्याचे शब्दही तिच्याकडे इंग्रजीतच साठतात. दहा वर्षांनी तिची मराठी स्वच्छ असेल, पण आठ वर्षांच्या मुलीएवढीच असेल. मोठं काही बोलायचं झालं की ती आपोआप इंग्रजीत जाईल. माझ्या मोठ्या मुलाचं मी हे डोळ्यांनी बघतेय, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहिलं.

विश्वास_का

कल्याणी, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. विचार करतो.

जर्सीचा_जयंत

आमच्याकडे प्रश्न आणखी एक पायरी मागे आहे, मुलांना लिपीच नाही. रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत बाराखडी होते, पण सोमवार ते शनिवार देवनागरी कुठेच दिसत नाही. पाटीवर नाही, बसवर नाही, चिवड्याच्या पुड्यावरसुद्धा धड नाही. तुमच्या मुलीला हिंदीमुळे अर्धी वाट मोकळी आहे, मृण्मयी.

एक दिलासा देतो. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ साली मांडलं होतं की एका भाषेत कमावलेलं वाचनाचं सामर्थ्य दुसऱ्या भाषेतही कामी येतं. गोष्ट पुढे कुठे जाईल याचा अंदाज, पात्राच्या मनात शिरणं, न कळलेला शब्द ओलांडून पुढे जाणं हे तिला येतंच. फक्त अक्षरांचा वेग हवा. तो सोप्या मजकुराच्या ढिगाने येतो, अवघड मजकुराच्या एका पानाने नाही.

आमच्या दोघांसाठी सर्वांत उपयोगी पडलं ते कान आणि डोळा एकत्र. स्टोरीटेल या बोलत्या पुस्तकांच्या अॅपवर गोष्ट लावायची आणि तेच पुस्तक पुढ्यात ठेवायचं. बोट फिरवा वगैरे काही सांगायचं नाही. हळूहळू नजर ओळीवर जाते. च आणि ज चे दोन्ही उच्चारही कानानेच सुटतात, नियम सांगून नाही. 'जग' आणि 'जागा' मुलं ऐकूनच वेगळे करतात.

रेवा२२

'चमचा' या एका शब्दात दोन्ही च आहेत, हे मला आत्ता वाचताना कळलं. आयुष्यभर खाल्लं त्याने!

सिन्नरचा_मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, दुसरी-तिसरीचे वर्ग बरीच वर्षं घेतले. सविस्तर लिहितो, माफ करा.

वर्गात पुस्तकं येतात पण ती कपाटात जातात. वह्या, हजेरी, पोषण आहाराची नोंद यांच्याबरोबर. फाटली तर जाब द्यावा लागेल ही भीती. माझ्या वर्गात मी सुतळी बांधून चिमट्यांनी पुस्तकं टांगली, मुखपृष्ठ मुलांकडे करून. मुलं कण्यावरून पुस्तक निवडत नाहीत, चेहऱ्यावरून निवडतात. फाटली तर फाटली. आमच्यातल्या दोघी मुलींकडे चिकटपट्टीचं खातं दिलं, त्या 'दवाखाना' चालवायच्या. ज्या पुस्तकावर सर्वांत जास्त पट्ट्या, ते सर्वांत चांगलं, असं मुलांनीच ठरवून टाकलं. नवीन मूल वर्गात आलं की त्याला पट्ट्यावालं पुस्तक पहिलं मिळायचं.

एक पथ्य मी कडक पाळलं. पुस्तक वाचून झाल्यावर "काय बोध घेतलास?" असं विचारायचं नाही. प्रश्न विचारायचेच असतील तर "तू असतास तर?" किंवा "मला हे पान कळलं नाही, तुला कळलं का?" एवढेच. बोध विचारला की पुढच्या वेळी मूल गोष्ट सोडून बोधच शोधत बसतं. आपलं मराठी बालसाहित्य या बोधाने फार झाकोळून गेलं होतं. आता परिस्थिती बरीच बदलते आहे.

करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा राज्यात 'गोष्टींचा शनिवार' सुरू झाला. दर शनिवारी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची एक गोष्ट पालकांच्या मोबाइलवर जायची. स्टोरीवीव्हर फुकट आहे, मराठी पुस्तकं भरपूर आहेत आणि ती चार पातळ्यांत लावलेली आहेत. मृण्मयीताई, लेकीला पहिल्या पातळीपासून मोकळं सोडा. पहिल्या दिवशी ती दहा पुस्तकं संपवेल आणि तिला स्वतःला वाटेल की मला मराठी वाचता येतं. हे वाटणं फार मोठं असतं.

मांडवीकाठ

मास्तर, 'दवाखाना' अप्रतिम!

गोव्याहून लिहिते. आमच्या घरात कोंकणी, पण माझं आणि माझ्या आईचं वाचन मराठी. माझा मुलगा दोन्ही वाचतो, दोन्हींची लिपी देवनागरीच. पणजीला असाल तर पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे मूल स्वतः हाताने पुस्तक काढू शकतं. त्याला सोडलं आणि मी लांब जाऊन बसले. तो माशांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला, मला वाटलं आता हे राहणार. पूर्ण पाहिलं त्याने. गोष्टच कशाला हवी? काही मुलांना माहितीत मजा येते.

ग्रंथपाल_मंजिरी

मांडवीकाठ, 'हाताने काढू शकतं' हे लाखमोलाचं आहे. मी ज्या वाचनालयात नोकरीला लागले तिथे बालविभाग काचेच्या कपाटात, कुलूप लावून होता. मुलाने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि आम्ही काढून द्यायचं. मुलाला नाव माहीत कसं असणार? कुलूप काढायला कार्यकारिणीच्या सभा झाल्या. काढल्यावर दोन-चार पुस्तकं हरवली, आणि बालसभासदांच्या खात्यावर पुस्तकं बदलणं इतकं वाढलं की रजिस्टरच बदलावं लागलं.

काही नावं:
'किशोर' मासिक. बालभारती ते १९७१ पासून काढते, आणि जुने अंक सगळे संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. पन्नास वर्षांची चित्रं, कोडी, गोष्टी. मुलीला आजोबांच्या काळातला एखादा अंक उघडून द्या, जाहिरातींपासून चित्रांपर्यंत सगळं बघत बसेल.
लहान भावंडं असतील तर 'चिकूपिकू' मासिक.
दिवाळीत 'साधना'चा बालकुमार अंक.
आणि जमलं तर एकदा भिलारला जा, पाचगणीजवळ. २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, बालसाहित्याचं घर वेगळं आहे. शेजारी स्ट्रॉबेरी.

रेवा२२

स्ट्रॉबेरीसाठी तरी मूल येईल, मग पुस्तक सापडेल.

अभिषेक_नागपूर

चिंटू कसा कुणाला आठवला नाही? १९९१ पासून वर्तमानपत्रात यायचा, पुढे पुस्तकंही निघाली. तीन-चार चौकटी, फुग्यातलं बोलणं, तेही घरातलंच. अडलं तरी चित्रावरून कळतं. माझा पुतण्या हैदराबादला असतो, त्याचं मराठी वाचन चिंटूवर उभं राहिलं. विनोद कळायचा असेल तर शेवटची चौकट वाचावीच लागते, त्यामुळे कुणी मागे लागत नाही. चित्रकथा म्हणजे खरं वाचन नाही असं म्हणणाऱ्यांशी मी रात्रभर भांडायला तयार आहे.

शंतनू_सदाशिव

अभिषेक, भांडायला कुणी येणार नाही. मान्य!

खान्देशकन्या

धागा सुंदर चाललाय, पण मनातलं एक बोलते. इथे सगळे 'मातृभाषा' म्हणजे मराठी धरून चाललेत. मन्ही माय माझ्याशी आजही अहिराणीत बोलते. धुळ्यात शाळेत गेले तेव्हा पुस्तकातली मराठी मला मृण्मयीच्या लेकीसारखीच परकी वाटली होती. "असं कोण बोलतं?" हे मी मनात रोज म्हणायचे, मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. आमच्या बोलण्याला बाई 'अशुद्ध' म्हणायच्या. मी वाचायला लागले खरी, पण पुस्तक म्हणजे आपलं नसलेलं काहीतरी, हे कितीतरी वर्षं मनात राहिलं.

आता माझी मुलगी पाच वर्षांची आहे. आजी तिला कोल्ह्याच्या गोष्टी अहिराणीत सांगते, ती हसून लोळते. त्या गोष्टी तिला वाचता याव्यात असं फार वाटतं. बाजारात मला तिच्या वयाचं काही मिळत नाही.

कल्याणी_के

बहिणाबाईंच्या कविता वाचून दाखवल्या तर?

खान्देशकन्या

कल्याणी, दाखवते, आवडतातही. पण ती लेवागणबोली, जळगावकडची. शेजारीण आहे, घरची नव्हे. आणि पाच वर्षांच्या मुलीला त्यातलं फारसं पोचत नाही.

सिन्नरचा_मास्तर

ताई, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सिन्नरच्या आधी मी जव्हारकडे होतो. मुलं वारली बोलणारी. पाठ्यपुस्तक उघडलं की वर्ग मुका व्हायचा. मग एक दिवस पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, काल काय केलंत? एक मुलगा पहिल्या पावसात रात्री खेकडे धरायला गेला होता. तो सांगत गेला, मी फळ्यावर त्याच्याच शब्दांत देवनागरीत लिहीत गेलो. काही शब्द मला लिहिता येईनात, तर सगळा वर्ग उठून फळ्याजवळ आला आणि मला दुरुस्त करू लागला. "गुरुजी, असं नाही, असं!" त्या मुलांनी आयुष्यात पहिला मोठा मजकूर वाचला तो हा. खेकडा कसा चावला ते वाक्य तर त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं, जोरजोरात.

मग दर आठवड्याला एक गोष्ट. कोऱ्या कागदावर मी लिहायचो, चित्रं मुलं काढायची, दाभणाने शिवायचो. त्यांची सर्वांत जास्त वाचली गेलेली पुस्तकं हीच. तिथून पाठ्यपुस्तकातल्या मराठीकडे ती आली, आणि धीटपणे आली. छापील पुस्तक नाही म्हणून थांबू नका. आजी सांगते ते लिहून काढा.

आप्पा_ठाणेकर

आम्हा म्हाताऱ्यांनाही यात काम आहे. नातू पुण्याला. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जुना सभासद, संस्था १८९३ सालची आणि सभासदही तसाच मुरलेला. व्हिडिओ कॉलवर रात्री साडेआठला मी एक पान वाचतो, एक पान तो. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत त्याच्याकडे आहे. त्याला मध्येच वाचायचा कंटाळा आला की "आप्पा, तुमचा घसा बरा आहे ना? मग तुम्हीच वाचा" म्हणतो. मी वाचतो. दुरुस्ती करत नाही. ऱ्हस्व-दीर्घ गेलं खड्ड्यात, आधी गोष्ट.

शिवाय मी त्याला रोज एक निरोप देवनागरीत टाइप करून पाठवतो. क्रिकेटचा स्कोअर, घरातल्या मांजराने केलेला पराक्रम, एखादं कोडं. उत्तर हवं असेल तर वाचावंच लागतं. बंगळूरच्या आजोबांना... चुकलं, बंगळूरच्या नातीच्या आजोबांना हे सांगून बघा.

मृण्मयी_बं

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तिचे बाबा म्हणाले की नवरात्राच्या सुट्टीत भिलारला जाऊया. त्याआधी जे जमलं ते सांगते.

स्टोरीवीव्हरची पहिली पातळी उघडून दिली, मास्तरांचा अंदाज खरा ठरला. एकामागून एक वाचत सुटली, मध्ये मध्ये "हे तर बाळांचं आहे" असं म्हणत, पण सोडलं नाही. मग अभिषेकने सांगितलेला चिंटू मागवला. काल संध्याकाळी ती एकटीच हसत होती, आणि बाबांना बोलावून तीच चौकट वाचून दाखवली. 'च' बरोबर लावला, मी काही बोलले नाही. फेणे रात्री मी वाचते आहे. शंतनू, दिवा बंद करायची युक्ती जोरात चालली आहे, तिने टॉर्च घेतला.

आजोबांनी पहिलं कोडं पाठवलं. तिने उत्तर इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, आजोबांनी लिहिलं, "मला हे वाचता येत नाही." आता ती देवनागरी कळफलक शोधते आहे.

खान्देशकन्या, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. तिला फार राग आला त्या 'अशुद्ध'चा.

खान्देशकन्या

तिला माझ्याकडून एक पापी द्या. मास्तर, तुमचं ऐकून आईला रविवारी बसवलं आणि फोनवर तीन गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या. लिहायला घेतलं तर एका गोष्टीलाच दोन संध्याकाळी गेल्या. एक वाक्य लिहिलं की आई म्हणते, "आसं नही," आणि पुन्हा सांगते.

ग्रंथपाल_मंजिरी

माझं माहेर धुळ्याकडच्या शिरपूरचं. ध्वनिमुद्रण मला निरोपात पाठवा, एक गोष्ट मी टाइप करते. मोठा टाइप, पानावर दोन ओळी, एवढं मला येतं. वाचनालयातही एक प्रत ठेवू, कुलपाशिवाय.

मृण्मयी_बं

चित्रं आमच्याकडून. कलाकार विचारते आहे की कोल्हा हुशार आहे की फजिती होणारा.

खान्देशकन्या

फजिती होणारा. शेपटीला चिंध्या बांधलेल्या आहेत आणि मागे गावातली सगळी कुत्री. शेपूट जरा मोठी काढायला सांगा.